प्रत्येक सबफोल्डरमध्ये तोच प्रोग्राम चालवायचाय: लूप की फाइंड?

जुनेअंक: जुन्या मासिकांचे स्कॅन आहेत माझ्याकडे, प्रत्येक अंकाचा वेगळा फोल्डर, आत पानापानाची टिफ (चित्राची फाइल). प्रत्येक फोल्डरात शिरायचं, पानांची यादी करायची, ती टेसरॅक्टला (चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्राम) द्यायची, भाषा मराठी, आणि शोधता येईल अशी पीडीएफ तिथल्या तिथे काढायची. मी हे बॅशच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारं शेल) साध्या फॉर लूपने (एकेक फोल्डर घेऊन तेच काम करणाऱ्या ओळी) करतो आणि माझं म्हणणं आहे की नवीन माणसाने हेच करावं. चार ओळी असतात, सहा महिन्यांनी उघडल्या तरी कळतात. फाइल-फोल्डर शोधणाऱ्या फाइंडची लांबलचक कमांड लोक कुठून तरी उचलतात आणि ती नेमकं काय करते विचारलं तर गप्प.

टर्मिनलकर: अजिबात पटलं नाही. तुमचा स्टार-स्लॅशवाला (*/, म्हणजे इथले सगळे फोल्डर) लूप एकच पातळी बघतो, वर्षाच्या फोल्डरात महिन्यांचे फोल्डर असले की वर्षापाशीच अडकला. फाइंड कितीही खोल जातं. शिवाय फाइंडला एक्झेकडिर हा पर्याय दिला की फाइल जिथे असेल त्याच फोल्डरातून कमांड चालते, सीडी (फोल्डरात शिरायची कमांड) करायची गरजच नाही.

जुनेअंक: त्याच एक्झेकडिरने माझी अख्खी संध्याकाळ खाल्लीय! टाइप डी देऊन फोल्डर शोधले की कमांड त्या फोल्डरात नाही, त्याच्या बाहेरच्यात चालते. तिथे टिफच नाहीत, यादी रिकामी, पीडीएफ एकही नाही. टिफ शोधायला सांगितलं तर अंकामागे एकदा चालण्याऐवजी पानामागे एकदा चालते. खोल जायचं तर बॅशमध्ये ग्लोबस्टार ही सोय चालू करून डबल स्टार (**, म्हणजे कितीही खोल) वापरता येतो की.

टर्मिनलकर: मॅकवर करून बघा. तिथलं सोबत येणारं बॅश अजून ३.२ आहे, ग्लोबस्टार आलं ४ मध्ये. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये चालेल, पण मग स्क्रिप्ट दुसऱ्याला देताना हे सगळं सांगत बसा.

रात्रपाळी: दोघंही महत्त्वाचं सोडून भांडताय. सीडी फसली तर पुढे काय होतं ते बोला. आमच्या फोल्डरचं नाव होतं 'दिवाळी अंक', मध्ये स्पेस, आणि लूपमध्ये फोल्डरचं नाव धरणाऱ्या व्हेरिएबलला डबल कोट नव्हते. शेलने नावाचे २ तुकडे केले, सीडी फसली, स्क्रिप्ट मात्र थांबली नाही आणि पुढची ओळ होती काम झाल्यावर टिफ उडवायची. ती बाहेरच्या फोल्डरात चालली जिथे मुखपृष्ठांचे मूळ स्कॅन ठेवले होते, सगळे गेले. आता मी नाव कोटमध्येच घालते, सीडी आणि पुढची कमांड && ने जोडते (म्हणजे सीडी जमली तरच पुढची चालते) आणि सगळं गोल कंसात ठेवते, म्हणजे सबशेल (कंसापुरतं वेगळं शेल) संपला की आपण आपोआप मूळ जागी. आणि डिलीटची ओळ त्या स्क्रिप्टमध्ये नकोच.

टर्मिनलकर: कोट आणि &&, दोन्ही मान्य. पण मी तेच फाइंडच्या आत एसएच मायनस सी (शेलला तिथेच कमांडची ओळ देणं) देऊन करणार, लूप नाही.

जुनेअंक: करा, पण आधी कमांडच्या जागी एको टाकून फोल्डरांची नावं छापून बघा. माझ्याकडे त्यातच एक रिकामा फोल्डर सापडला, १९७१ चा मे अंक स्कॅनच झाला नव्हता.