अनुभव धागा: नागपुरात सगळ्यांत मिसळून, पण ख्रिस्ती राहून

धागा सुरू करणारी
कारखान्यातली खंडेनवमी, शेजारचा प्रसाद, लग्नातली दारू, दुकानातलं कच्चं बिल. प्रश्न रोजचे आहेत. बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (१२:२) या युगाशी समरूप होऊ नका असं सांगतो. तोच पौल करिंथकरांना (पहिलं पत्र, ५:९-१०) समजावतो की जगातल्या लोकांशी संबंधच ठेवायचा नसेल तर जगातूनच निघून जावं लागेल. दोन्ही एकाच वेळी पाळायचं कसं, ते लिहा. आपबीती नको. काय करावं, कधी करावं आणि कुठे फसतं, ते सांगा.

हिंगणा एमआयडीसी, मशीन शॉप
खंडेनवमीला सुट्टी टाकू नका. सगळ्यात जास्त तेच लागतं लोकांना. "आमच्यासोबत उभं राहायलाही याला कमीपणा वाटतो" असा अर्थ निघतो, आणि मग वर्षभर काही बोललं तरी ते ऐकून घेत नाहीत.

सुपरवायझरला आठवडाभर आधी, एकटं गाठून सांगायचं: "भाऊ, मी आरती करत नाही, नारळ फोडत नाही. बाकी सगळी तयारी माझ्याकडे द्या." आदल्या दिवशी मशीनची सफाई असते. धातूच्या किसाचे (चिप्सचे) ट्रे रिकामे करा, कूलंट (मशीन थंड ठेवणारं पाणी) बदला, गाइडवे (मशीनचे भाग सरकतात त्या पट्ट्या) पुसून तेल लावा, लोंबकळणाऱ्या वायरी बांधा. हे काम कोणालाच नको असतं, ते अंगावर घ्या. आरतीच्या वेळी मागे शांत उभं राहा, मोबाईल काढू नका. नंतर नाश्ता वाटायला पुढे व्हा.

पूजेच्या ताटासमोर सगळ्यांदेखत पहिल्यांदा नकार दिला, तर पुजाऱ्याचा आणि साहेबाचा अपमान होतो. म्हणून आधी सांगणं अर्धं काम आहे. वर्गणीचंही तसंच. मंडळाची पोरं दारात आली की दार लावू नका. रक्तदान शिबिर किंवा वह्यावाटप असेल तर रक्कम त्यासाठी द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. मूर्तीच्या खर्चासाठी देत नाही, हे हसून सांगता येतं. रक्कम मात्र शेजाऱ्यांच्या बरोबरीची हवी. कमी दिली तर सबब वाटते.

सदर, गृहिणी
प्रसादासाठी पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, १०:२५-२८ नीट वाचा. बाजारातलं विचारपूस न करता खा, जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण "हे देवाला दाखवलेलं आहे" असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका. माझ्या मते यात सगळं आलं. दिवाळीच्या फराळाचा डबा म्हणजे शेजाऱ्यांचं प्रेम, तो घ्यावा. सत्यनारायणाचा शिरा प्रसाद म्हणूनच हातावर ठेवतात. तिथे हात जोडून "प्रसाद घेत नाही काकू, चहा मात्र घेईन" म्हणावं. घेऊन रुमालात लपवणं आणि कोपऱ्यावर टाकणं सगळ्यात वाईट. ते खोटंही आहे आणि कोणी पाहिलं तर मन कायमचं तुटतं.

डबा रिकामा परत करू नका. नाताळात जैन, ब्राह्मण, माळकरी शेजाऱ्यांसाठी बिनअंड्याचा, बिनदारूचा केक वेगळ्या भांड्यात करा. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री असतातच. १ वाटी मनुका-टूटीफ्रुटी अर्धी वाटी संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा आणि सकाळी निथळून घ्या. १ वाटी दह्यात पाऊण वाटी पिठीसाखर विरघळवा, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून ५ मिनिटं ठेवा. फेस आला की अर्धी वाटी तेल आणि दीड वाटी चाळलेला मैदा घाला. मनुका मिसळण्याआधी त्यांना थोडा मैदा चोळा, नाहीतर त्या तळाशी बसतात. १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. मैदा घातल्यावर भांडं पडून राहिलं तर फेस मरतो आणि केक बसका होतो. उरलेला रस ओतला तर मधे खड्डा पडतो. संत्र्याची साल किसून घालणार असाल तर आतलं पांढरं येऊ देऊ नका, केक कडू लागतो. डब्यावर "अंडं नाही" अशी चिठ्ठी लावा, म्हणजे विचारायचा संकोच राहत नाही.

जरीपटका, मंडळीतले (चर्चमधले) वडीलधारे
वरच्या ताईंशी थोडा मतभेद. ज्यांनी नुकताच विश्वास धरला आहे आणि ज्यांच्या घरात कालपर्यंत देव्हारा होता, त्यांना फराळाचा डबाही जड जातो. त्यांच्यावर "यात काय एवढं" असा दबाव आणू नका. रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय (खाण्यावरून दुबळ्या विश्वासाच्या भावाला अडखळवू नका) त्यांच्याचसाठी आहे.

गांधीबाग, कापड दुकान
जगासारखं होणं म्हटलं की लोकांना पूजाच आठवते. मला आधी गल्ला आठवतो.

गिऱ्हाईक म्हणतं, बिल नको, पाच टक्के सोडा. कपड्याच्या थानावर ५ टक्के जीएसटी आहे. चिठ्ठीवर १,००० लिहून वर ५० मागितले की वाद होणारच. म्हणून चिठ्ठीवरच १,०५० लिहा आणि भाव त्यावरच होऊ द्या. खरी अडचण खरेदीत आहे. माल कच्च्यात, म्हणजे कराच्या बिलाशिवाय, घेतला तर तो पक्क्यात विकता येत नाही, कारण स्टॉक जुळत नाही. म्हणजे सुरुवात विक्रीपासून करणारा दोन महिन्यांत अडकतो. आधी पक्कं बिल देणारे पुरवठादार ठरवा, जुना माल संपवायच्या फंदात नवा कच्चा उचलू नका. काही गिऱ्हाईकं जातात, ते धरून चाला. आणि शेजारच्या दुकानदाराला उपदेश करू नका. त्याने विचारलं तर वही उघडून दाखवा.

रुग्णभेटीला जाणारी
परधर्मीय रुग्णासाठी प्रार्थना करण्याआधी त्याला विचारा, फक्त नातेवाइकांना नाही. "नको" म्हटलं तर पाणी भरून द्या, औषध आणून द्या, बसा. "हो" म्हटलं तर दोन मिनिटं, हळू आवाजात. शेजारच्या खाटेवरही माणूस आहे. विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवू नका. बरं होण्याचं वचन देऊ नका, गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. मदतीच्या तांदळाच्या पिशवीत धर्माचं पत्रक घालू नका. घेणाऱ्याला त्या तांदळाची किंमत मोजावी लागते आहे असं वाटतं.

संविधानाचं कलम २५ धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. प्रेषित पेत्रही (पहिलं पत्र, ३:१५) विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या म्हणतो. आधी ऐकणं आपल्या शहराला नवीन नाही. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची भाषा आणि गाणी टिपून ठेवली होती. १८६३ मध्ये ते वारले आणि १८६६ मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ते कागद छापले.

दीक्षाभूमीजवळ राहणारा
धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, रात्री रस्त्यावर झोपतात. पाणी द्या, शौचालय उघडं ठेवा, मोबाईल चार्ज करायला बोर्ड बाहेर काढा. तिथे पत्रकं वाटू नका. १४ ऑक्टोबर १९५६ चा निर्णय त्यांच्यासाठी किती मोठा आहे हे समजून "जय भीम"ला मनापासून "जय भीम" म्हणा.

मंडळीतली पाळक-पत्नी
मयतीचं कोणी लिहिलं नाही. मोक्षधाम किंवा अंबाझरी घाटावर शेजाऱ्याला खांदा द्या, लाकडं उचला, शेवटपर्यंत थांबा. पिंड, पाणी देणं हे नातेवाइकांचं. त्यात उभं राहायचा आग्रह झाला तर "मी इथेच आहे" एवढं पुरतं. तेरवीआधी घरी जेवण पोचवा, कारण तेव्हा बऱ्याच घरी चूल बंद असते. किती माणसं आहेत ते विचारूनच न्या. घरात ख्रिस्ती सून एकटीच असेल तर बायबलमधली सेनापती नामानाची गोष्ट (दुसरं राजे, ५:१८-१९) तिला वाचून दाखवा. धन्याला आधार द्यायला देवळात वाकावं लागेल, असं त्याने संदेष्टा अलीशाला आधीच सांगितलं होतं आणि अलीशाने त्याला शांतीने जा म्हटलं. तिच्या मंडळीने तिच्यावर पहारा ठेवू नये.

आपल्याकडच्या मयतीला इतर धर्माचे लोक येतात तेव्हा उपासना किती वेळ चालेल आणि मूठमाती कधी, ते दारातच सांगा. परतल्यावर आंघोळ केल्याशिवाय त्यांच्यातले बरेच जण घरात शिरत नाहीत, म्हणून कब्रस्तानाच्या नळाशी एक बादली आणि पाणी घ्यायचा मग ठेवा.