ॲल्युमिनियम प्रोफाइलचं वर्कबेंच आणि त्यातच राउटर टेबल: सुतारकामाला चालेल का?

खाचवाला
टी-खाचेच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचं (बाजूंना टी आकाराची खाच असलेल्या तयार दांड्यांचं) बेंच फक्त प्रयोगशाळेत आणि असेंब्ली लाइनवर शोभतं, लाकूडकामाला ते कुचकामी, असं वारंवार ऐकू येतं. मला हे पटत नाही. खाली आराखडा मांडतो, तो फोडून काढा.

बेंच १८०० × ७५० मिमी, उंची ९००. प्रोफाइल ४० × ४०, ८ मिमी खाचेचं, हलकं. वर १८ मिमी प्लायचे दोन थर. उंचीतून प्लायचे ३६ आणि लेव्हलिंग फूटचे ४० वजा केले की पाय ८२४ मिमीचे, ४ नग. लांब आडवे १७२०, ४ नग (दोन वर, दोन खाली). आखूड आडवे ६७०, ४ नग. उजव्या टोकाला, बेंचखाली टांगायच्या राउटरच्या (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटाने, लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राच्या) दोन्ही बाजूंना आणखी दोन ६७० चे. एकूण १४.२ मीटर, म्हणजे साधारण २३ किलोचा सांगाडा.

फायदे उघड आहेत. वेल्डिंग नाही, त्यामुळे वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम पिळली जात नाही. बाहेरच्या खाचेत क्लॅम्प, स्टॉप, दिवा, होज असं काहीही कुठेही लावा. उद्या लांबी बदलायची तर बोल्ट सोडा आणि बदला.

रंधा_पटाशी
आकडे तुम्हीच दिलेत, तर त्यांचाच हिशेब करू. हलक्या ४० × ४० चं जडत्व घूर्ण (छेदाच्या आकारामुळे बाकाला होणारा विरोध) साधारण ९ सेमी⁴. ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक (धातूचा स्वतःचा ताठपणा) ७० गिगापास्कल, पोलादाचा २०० च्या वर. १७२० मिमीच्या दोन आडव्यांवर मधोमध १०० किलो ठेवले, तर बाक ८ मिमीच्या पुढे जातो. त्याच मापाचा ३ मिमी जाडीचा पोलादी चौकोनी पाइप घेतला, तर जडत्व घूर्ण जवळपास तेवढंच, पण बाक तिसरा हिस्सा. वजन दुप्पट होतं, आणि बेंचला वजन हवंच असतं. २३ किलोच्या सांगाड्यावर जाड सागवानाला रंधा मारायला गेलात, तर लाकडाआधी बेंचच पुढे सरकेल.

मिलिमीटर
रंधा_पटाशी, तुमच्या हिशेबातून प्लाय सुटला. ७५० रुंद, ३६ मिमी जाड आणि सरसाने एकजीव केलेला प्लाय एकटाच त्या दोन ॲल्युमिनियम आडव्यांपेक्षा जास्त ताठ असतो. दोन्ही मिळून धरले तर तुमचे ८ मिमी ३ च्या आसपास येतात.

पण इथेच बरेच जण चुकतात. दोन थर नुसते स्क्रूने जोडले, सरस लावला नाही, तर थर एकमेकांवर घसरतात आणि प्लायचा ताठपणा चौथाई उरतो. संपूर्ण पृष्ठभागाला दातेरी पट्टीने सरस, सपाट जमिनीवर वजन ठेवून रात्रभर, मग कडा कापायच्या. हे केलं नसेल तर खाली कोणतंही प्रोफाइल लावा, मधे झोळ येणारच.

शिवाय वरचे लांब आडवे ४० × ४० का? तिथे ४० × ८० उभं लावा. ताठपणा साधारण सातपट होतो. तेवढे दोन नग बदलले की बाकाचा मुद्दा संपला.

रंधा_पटाशी
बाकाचा संपला असेल. झुलण्याचा नाही. रंधा मारताना जोर आडवा लागतो, खाली नाही. लाकडी बेंचच्या कुसाच्या सांध्यात लाकडाला लाकूड अडतं, वेल्डिंगमध्ये धातूच एक होतो. प्रोफाइलचा सांधा टिकतो तो निव्वळ घर्षणावर. चार पायांना चार ब्रॅकेट आणि आत हातोडी-नट, म्हणजे पत्त्यांचा बंगला.

आटेवाला
हा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचा दोष प्रोफाइलला नको, सांध्याच्या निवडीला द्या. सगळी गोची हातोडी-नटांत आहे. ते खाचेत घालून बोल्ट फिरवला की नट ९० अंशात वळून खाचेच्या ओठांखाली (तोंडाच्या दोन कडांखाली) आडवा बसायला हवा. अर्धवट वळला तरी बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि पहिल्याच धक्क्यात सुटतो. बोल्टच्या टोकावर नटाच्या लांबीच्या दिशेने मार्करची रेघ ओढली तरी उपयोग नाही, कारण नट बोल्टबरोबर फिरेलच असं नसतं. खाचेच्या उघड्या टोकातून डोकावून बघणं हाच खात्रीचा उपाय. मुख्य सांध्यांना हे नट वापरूच नका. टोकातून सरकवायचे जड पोलादी टी-नट घ्या, आणि प्रत्येक खाचेत दोन-दोन जास्तीचे आधीच सोडून ठेवा. फ्रेम बंद झाली की ते आत जात नाहीत.

भार घेणाऱ्या सांध्यांसाठी माझं मत असं:

आडव्याच्या टोकाच्या मधल्या छिद्रात एम८ चे आटे पाडा. ८ मिमी खाचेच्या ४० सिरीजमध्ये हे छिद्र बहुधा ६.८ मिमीचं असतं, म्हणजे ड्रिल न मारता थेट टॅप (आटे पाडायचं हत्यार) चालतो. तरी टॅप घेण्याआधी कॅलिपर लावाच. खोली २५ मिमी. थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल, आणि दर अर्ध्या फेऱ्याला टॅप उलटा फिरवून कीस तोडायचा. ॲल्युमिनियम मऊ असतं, कीस आत चिकटला की टॅप अडकतो आणि तुटतो.

मग त्यात एम८ × २५ बटण डोक्याचा बोल्ट सैल बसवायचा, त्याचं डोकं पायाच्या खाचेत सरकवायचं, आणि पायाला आरपार पाडलेल्या ७ मिमी छिद्रातून ५ मिमीची ॲलन की घालून आवळायचं. डोकं खाचेच्या ओठांना आतून ओढून धरतं. साधारण २० न्यूटन-मीटर पुरे. लांब दांड्याने जोर लावला तर आटे किंवा ओठ, दोन्हींपैकी एक जातंच.

या सांध्याला एकच खोट: ४० × ४० ला एकच मधलं छिद्र असल्यामुळे आडवा त्या बोल्टभोवती फिरू शकतो. ४० × ८० ला दोन छिद्रं, दोन बोल्ट, फिरणं बंद. मिलिमीटर यांनी बाकासाठी सुचवलेलं माप सांध्यालाही कामी येतं. खालच्या ४० × ४० ला बोल्टसोबत ब्रॅकेटही लावा.

भुसा_नको
८ मिमी खाच आणि १० मिमी खाच, दोन्ही ४० सिरीजमध्ये मिळतात. एकाचे नट दुसऱ्याला बसत नाहीत. प्रोफाइल एकीकडून आणि हार्डवेअर दुसरीकडून मागवणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

मिलिमीटर
झुलणं थांबवायला ब्रॅकेटची संख्या वाढवून फार फरक पडत नाही. मागच्या बाजूला १२ मिमी प्लायचा एक अखंड तक्ता आणि दोन्ही टोकांना एकेक, दर २०० मिमीवर टी-नटने आवळून, एवढं करा. तक्ता खाचेत सरकवू नका, तो आत सैल राहतो आणि खडखडतो. प्रोफाइलच्या तोंडावर बाहेरून बोल्ट करा. वॉशर मोठे. त्यानंतर खालच्या फळीवर ७०-८० किलो सामान ठेवलं की बेंच सरकण्याची तक्रारही संपते.

रंधा_पटाशी
म्हणजे प्लाय ताठपणा देतो, प्लायच झुलणं थांबवतो, आणि सामान वजन देतं. मग ॲल्युमिनियम नक्की काय करतंय?

खाचवाला
सरळ कडा देतंय, आणि त्या कडेला १८०० मिमी लांबीची खाच देतंय. लाकडी बेंचला तीच सोय करायची तर टी-ट्रॅक वेगळा घेऊन, खाच मारून, स्क्रू करून बसवावा लागतो, आणि जोरात क्लॅम्प ओढला की तो उचकटतो.

आडवा_छेद
"सरळ कडा" हा शब्द जपून वापरा. या प्रोफाइलना लागू होणाऱ्या ईएन १२०२०-२ मानकात १ मीटर लांबीला ०.७ मिमी आणि २ मीटरला १.३ मिमीपर्यंत बाक मान्य आहे. बेंचच्या फ्रेमला हे चालतं. राउटरच्या फेन्सला (लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीला) नाही. फेन्सचा तुकडा निवडताना सरळपट्टीला लावून, मागे उजेड धरून तपासा, आणि त्यापुढे एमडीएफचे दोन स्वतंत्र सरकते तोंडपट्टे लावा. जिथे फट दिसेल तिथे कागदाची पट्टी घालून सरळ करा. प्रोफाइल फक्त आधार, मोजमाप एमडीएफचं.

कापण्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि फ्रेम गुण्यात न येण्याचं सर्वांत मोठं कारण तिथेच आहे. टोक काटकोनात नसेल तर बोल्ट आवळताना तेच टोक फ्रेमला ओढून तिरकं करतं. मायटर सॉवर अलोह धातूंसाठीचं कार्बाइड पातं, २५४ मिमी व्यासाला ८० ते १०० दात, उणा रेक (दात किंचित मागे कललेले). पात्याला मेण. तुकडा दोन्ही बाजूंनी क्लॅम्प, हाताने धरायचा नाही. चारही पाय एकाच स्टॉपला टेकवून लागोपाठ कापायचे. लांबी अर्धा मिमी चुकली तरी चालेल, पण चौघांची सारखीच चुकली पाहिजे. जुळवताना सगळे बोल्ट हाताने आवळून, दोन्ही कर्ण १ मिमीच्या आत आणून, मगच शेवटचं घट्ट करायचं.

आटेवाला
राउटर टेबलबद्दल. धागाकर्त्यांच्या आराखड्यात मला खरी खटकणारी गोष्ट ही की राउटर उजव्या टोकाला आहे. टेबलखालच्या राउटरचं बिट वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. फेन्स बिटाच्या मागे ठेवून लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं. राउटर उजव्या कडेपासून ४५० वर असेल तर बिटाआधी आधार ४५०, नंतर १३५०. दोन मीटरची पट्टी सुरू करतानाच उजवीकडे लोंबेल आणि पुढचं टोक उचलेल. एक तर उजवीकडे ओढून काढायचा आधार द्या, नाहीतर राउटर मध्याकडे आणा. मध्याकडे आणला की बेंचची मोकळी जागा गेली. म्हणूनच माझं मत, दोन वस्तू वेगळ्या ठेवा.

खाचवाला
वेगळ्या ठेवायला जागा दुप्पट लागते. उजव्या पायाच्या खाचेत सरकता रोलर लावला की काम भागतं. खाचेचा उपयोग तोच तर आहे.

आडवा_छेद
एकत्र ठेवणार असाल तर इन्सर्ट प्लेट (बेंचच्या भोकात बसणारी, राउटर जिला खालून टांगतात ती पाटी) नीट बसवा. प्रचलित माप २३५ × २९८ मिमी, जाडी ९.५. प्लेटची लांब बाजू बेंचच्या लांबीला समांतर, टेकायला १० मिमी कड. बाजूच्या दोन आडव्यांमधलं मोकळं अंतर २८० ठेवा. मग कडेखाली उरलेल्या २६ मिमी प्लायला थेट धातूचा आधार मिळतो. मोठा राउटर ५-६ किलोचा, त्यात लिफ्टचं (राउटर वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचं) वजन. आधाराविना प्लेटभोवतीचा प्लाय काही महिन्यांत खाली बसतो. मग खाचा सुरुवातीला खोल आणि मधे उथळ येतात, आणि लोक बिटाला दोष देतात. फेनॉलिक किंवा ॲक्रिलिकची पातळ प्लेट तर स्वतःच झोळ खाते.

आणि फेन्स मायटर-खाचेला (टेबलावर कोनमापक सरकवायच्या खाचेला) समांतर आणण्यात वेळ घालवू नका. गोल फिरणाऱ्या बिटाला फेन्सचा कोन कळत नाही, फक्त अंतर कळतं. फेन्सचं एक टोक घट्ट ठेवून दुसरं १ मिमी सरकवलं की मधल्या बिटाशी अंतर अर्धा मिमी बदलतं. बारीक समायोजन फुकटात.

रंधा_पटाशी
राउटरचा कंप विसरताय. घर्षणावरचे सांधे कंपाने ढिले होतात.

आटेवाला
होतात, पण सांधा आधी आडवा घसरत असेल तरच. पुरेसा आवळलेला आणि तक्त्याने रोखलेला सांधा घसरत नाही. राउटरजवळच्या आठ-दहा बोल्टना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारं द्रव), आणि पहिल्या काही तासांच्या वापरानंतर एकदा सगळीकडे की फिरवणं. कंप जास्त वाटला तर आधी वेग बघा. ८० मिमी व्यासाचं पॅनेल बिट २२,००० फेऱ्यांवर चालवलं तर कडेचा वेग सेकंदाला ९२ मीटर होतो. १२,००० वर तो ५० येतो. मोठ्या बिटाला कमी वेगच हवा, बेंच कसलंही असो.

रंधा_पटाशी
राउटर टेबलला आणि फेन्सला प्रोफाइल, हे मान्य. पण पटाशीवर हातोडा मारायच्या बेंचला मी जाड लाकडी पायच लावीन. ॲल्युमिनियमच्या बेंचवर ठोकायचं असेल तर निदान नेमकं पायाच्या डोक्यावर ठोका, आडव्याच्या मधे नको. आणि व्हाइस आडव्यावर लटकवू नका, पायाला आणि प्लायला दोन्हीकडे बोल्ट करा.

भुसा_नको
विजेचं राहिलं. ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे एका प्रोफाइलला अर्थिंग दिलं म्हणून अख्खी फ्रेम अर्थ झाली असं समजू नका. स्विचचा डबा धातूचा असेल तर त्याला स्वतंत्र अर्थ वायर. फ्रेमला जोडायची तर त्या जागी थर खरवडून दातेरी वॉशर, आणि प्रत्येक मोठ्या भागापर्यंत वायर, शेवटी मल्टिमीटरने तपासणी. स्विच असा घ्या की वीज जाऊन आली तरी राउटर आपोआप सुरू होणार नाही. तो राउटरजवळच्या उजव्या पुढच्या पायाच्या खाचेत, गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर.