विषयागणिक शिक्षकांचा स्वभाव बदलतो का?

सातारकर
माझं ठाम मत आहे की शिक्षकाचा स्वभाव त्याच्या विषयाने घडतो. मराठी माध्यमाच्या कुठल्याही हायस्कुलात जा. गणिताचे सर मोजकं बोलणार, वहीत पायरी गाळली की लाल रेघ मारणार. मराठीच्या बाई कविता शिकवता शिकवता गहिवरणार. इतिहासाचे सर गोष्टीवेल्हाळ, घंटा झाली तरी पानिपतावरून हलत नाहीत. पीटीच्या सरांचा मैदानातला आवाज टीचर्स रूममध्येही तेवढाच. चित्रकलेचे सर सगळ्यांत शांत.

हे उगाच होत नाही. भूमितीत पक्ष, साध्य लिहिल्याशिवाय सिद्धतेला हात घालता येत नाही. वर्षानुवर्षं हेच शिकवणारा माणूस घरीही ‘कशावरून?’ असं विचारणारच. निबंधाला एकच एक बरोबर उत्तर नसतं, म्हणून भाषेच्या शिक्षकाला पोराचं ऐकून घ्यायची सवय लागते. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ
अजिबात पटलं नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत झाली. चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आणि सगळे विषय. परिपाठ मीच घ्यायचो, मग हातच्याची वजाबाकी, मग कविता, दुपारी कवायत. माझा स्वभाव कोणत्या विषयाने घडला म्हणायचा? तुम्ही हायस्कुलात जे पाहिलंत ते वेळापत्रक आहे, स्वभाव नाही.

खडूफळा
नववी-दहावीला गणित शिकवतो, म्हणून लिहितो. दहावीला बीजगणित आणि भूमिती मिळून लेखी 80 आणि अंतर्गत 20 गुण. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. म्हणूनच पायरी गाळली की मी लाल रेघ मारतो. पोराच्या हातातले गुण बोर्डात जाऊ नयेत एवढंच त्यामागे असतं. पालकसभेत माझ्या टेबलापुढे रांग लागते. शेजारी इतिहासाचे सर बसलेले असतात, त्यांना कुणी नमस्कारापलीकडे काही विचारत नाही. सहामाहीला वर्ग नापास झाला तर मुख्याध्यापक मलाच बोलावतात. या ओझ्याखाली गोष्टी सांगत बसायला सवड कुठून आणू? स्नेहसंमेलनाचं नाटकही मीच बसवतो. तिथे हीच पोरं माझ्याशी वाद घालतात, संवाद बदलायला लावतात आणि मला ते मनापासून आवडतं.

सह्यवासी
मी सातारकरांच्या बाजूने. आमच्या मराठीच्या बाई वृत्त शिकवायला उभ्या राहिल्या की वेगळ्याच व्हायच्या. फळ्यावर गण लक्षात ठेवायचं ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र लिहायच्या, मग ओळीतल्या प्रत्येक अक्षरावर लघु-गुरूची खूण करून तीन-तीन अक्षरांचे गण पाडायला लावायच्या. जोडाक्षराचा आघात आला की त्याच्या आधीचं अक्षर गुरू होतं, हे विसरणारा बाकावर उभा. दुसऱ्या दिवशी कवितेच्या तासाला याच बाई भलता अर्थ सांगणाऱ्यालाही ‘असंही म्हणता येईल हं’ म्हणायच्या. बाई त्याच, वर्ग तोच, मुलंही तीच. परीक्षेचं दडपण दोन्ही तासांना सारखंच. बदलायचं ते फक्त शिकवायचं काय ते. गोदाकाठ, खडूफळा सर, इथे वेळापत्रक आणि पालकसभा कुठे आली?

रंगपेटी
‘चित्रकलेचे सर सगळ्यांत शांत’ हे वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे पाचवीपासूनच्या सगळ्या तुकड्या, प्रत्येकीला आठवड्यातून एखाद-दुसरा तास. मुलांची नावंसुद्धा पाठ होत नाहीत. परीक्षा जवळ आली की तो तासही गणिताला जातो, आणि मला विचारलंही जात नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातही सहावी ते आठवीला पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितलेत. पूर्णवेळ शिक्षक त्यांनाही सुचला नाही. ज्याला कुणी काही विचारत नाही तो शांतच दिसणार.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेआधी माझ्या वर्गात येऊन पाहा. समोर तांब्या मांडलेला, उजेड खिडकीतून येतोय, आणि पोरगं सावली खिडकीच्याच बाजूला काढतं. तेव्हा माझा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो.

सातारकर
रंगपेटी, तुमच्यावर होणारा अन्याय मान्यच आहे. तास असा परस्पर काढून घेणं चूकच. पण तुम्ही कशावर चिडता ते बघा ना! पोरगं समोरचं न बघता चित्र काढतं यावर. खडूफळा सर गाळलेल्या पायरीवर चिडतात. ज्याचा-त्याचा राग त्याच्या विषयातूनच येतो, हेच तर मी म्हणतोय.

शिट्टी
शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची बाजूही ऐका. सगळ्या शाळेला प्रार्थनेसाठी रांगेत उभं आम्ही करायचं, उशिरा येणाऱ्यांना फाटकात आम्ही अडवायचं, वाढलेले केस आणि नखंही आम्हीच बघायची. यातलं काय खेळाच्या अभ्यासक्रमात आहे? शाळेने शिस्तीचं काम आमच्या गळ्यात घातलं आणि लोक त्यालाच आमचा स्वभाव समजले. कबड्डीचा संघ जिल्ह्याला हरून आला की मुलांना जवळ घेऊन बसणारा मीच असतो.

गोदाकाठ
सह्यवासी, तुमचं उदाहरण इथलं सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्यालाच उत्तर देतो. वृत्तात उत्तर एकच असतं, कबूल. पण चुकणाऱ्याला बाकावर उभं करायचं हे वृत्ताने नाही सांगितलं, ते बाईंनी ठरवलं. पाढ्यातही दुसरं उत्तर नसतं. मी पाढे टाळ्यांच्या तालावर घेतले, चुकलेल्याला पुढच्या फेरीत परत सामील करून घेतलं. आता तर रंगपेटींनी सांगितलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 17ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. तिथे ‘माझा विषयच तसा आहे’ ही सबब चालत नाही.

या समजुतीचा त्रास मुलांना होतो, म्हणून मी एवढं अडून बसलोय. गणिताचे सर कडक असतात हे पाचवीत येणारं पोर थोरल्या भावाकडून ऐकूनच वर्गात बसतं. सर तोंड उघडायच्या आतच त्याने ठरवलेलं असतं की शंका विचारायची नाही.