मदत हवी आहे: टंगस्टन वितळतानाच्या ग्राफमध्ये पायऱ्या येतायत

नमस्कार मंडळी, मी ताळगावला एमएससी फिजिक्स करतोय, प्रोजेक्टला फ्युजन रिअ‍ॅक्टरच्या आतली टंगस्टनची भिंत प्लाझ्माचा झटका बसल्यावर किती खोल वितळते ते घेतलंय. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर रिअ‍ॅक्टरच्या डायव्हर्टरवर (प्लाझ्माची सर्वाधिक उष्णता झेलणारा तळाचा भाग) नेहमीचा उष्णतेचा भार 10 मेगावॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास, तो नाही, मी अचानक येणारा झटका धरलाय: 2 गिगावॅट प्रति चौरस मीटर, 1 मिलिसेकंद, सुरुवातीचं तापमान 1000 अंश.

पायथनमध्ये एकमितीय कोड आहे, एन्थाल्पी मेथड (तापमानाऐवजी, वितळायला लागणाऱ्या उष्णतेसकट एकूण उष्णतेचा हिशोब), 5 मायक्रॉनच्या तुकड्यांचं ग्रिड, टाइम स्टेप 0.1 मायक्रोसेकंद. वितळायच्या आधीपर्यंत हाताने काढलेल्या उत्तराशी मस्त जुळतं, पण पृष्ठभाग 3422 अंशाला पोचला की त्यानंतर तापमान सरळ चढायचं सोडून पायऱ्या पायऱ्यांनी चढतं. टाइम स्टेप कमी केली, काही फरक नाही. ग्रिड बारीक केलं तर पायऱ्या लहान होतात पण जात नाहीत, आणि रन एवढा लांबतो की पावसात फोंड्याला घरी लाईट जायच्या आत संपेल याची गॅरंटी नाही.

पैशांचं सॉफ्टवेअर सुचवू नका, लॅपटॉपही साधाच आहे. बाष्पीभवन आणि चुंबकीय बलाने वितळलेला थर सरकणं सरांनीच सध्या बाजूला ठेवायला सांगितलंय.

गांधीनगरच्या आयपीआर या प्लाझ्मा संशोधन संस्थेत किंवा वेल्डिंग, कास्टिंगच्या सिम्युलेशनमध्ये कोणी असेल तर सांगा, या पायऱ्या स्थिर ग्रिडमुळे येणारच म्हणून सोडून देऊन वितळण्याच्या खोलीवर विश्वास ठेवू, की वितळबिंदू थोडा पसरवून, म्हणजे 20-30 अंशांचा पट्टा धरून, परत चालवू?