घरभेदी पेशी

"प्रतिकारशक्ती वाढवली की कॅन्सर जवळ फिरकत नाही" हे तुमचं वाक्य खटकलं, म्हणून लिहितोय. बऱ्याच गाठी प्रतिकारपेशींनी खच्चून भरलेल्या असतात हो! त्या कुणाच्या बाजूने आहेत, हा खरा प्रश्न.

मॅक्रोफेज ही प्रतिकारपेशी घ्या. जंतू गिळायचे आणि नंतर जखम भरून आणायची, ही दोन्ही कामं त्याचीच. गाठ त्याला दुसऱ्या कामाला जुंपते. मग हा गडी तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो, वर सीसीएल२२ हे रसायन सोडून नियामक टी पेशींना, म्हणजे बाकी प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या पेशींना, आवतण धाडतो. या पेशी जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. २०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याचसाठी. कॅन्सरच्या पेशींना मारणाऱ्या मारक टी पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन लागतं. नियामक पेशींवर ते पकडणारे रिसेप्टर भरपूर, त्यामुळे शेजारच्याच्या ताटातला घास त्याच मटकावतात.

बरं, त्यांना सरसकट हाकलावं तर तेही नाही. नियामक पेशींना लागणारं फॉक्सपी३ जनुक बिघडलेल्या बाळांत या पेशी नीट काम करत नाहीत आणि शरीर स्वतःच्याच आतड्यांवर, स्वादुपिंडावर तुटून पडतं. इपिलिमुमॅबसारखं कॅन्सरवरचं औषध टी पेशींवरचा सीटीएलए-४ हा ब्रेक सोडवतं, तेव्हाही काही रुग्णांना आतड्याचा दाह होतो. 'शक्ती वाढवा' म्हणताना नेमकी कुठल्या पेशीची, तेवढं सांगा.