रतनगडावरील गुहेत सामान सुरक्षित कसे ठेवावे?

प्रश्न:
आम्ही मुलुंडचे चौघे जण डिसेंबरात रतनवाडीमार्गे रतनगडावर जाणार असून गडावरील गुहेत एक रात्र मुक्काम करण्याचा विचार आहे. नेढे आणि बुरूज पाहायला जाताना स्लीपिंग बॅग, शिधा व भांडी गुहेतच ठेवावी लागतील. उंदीर आणि माकडे यांच्यापासून हे सामान कसे राखावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
सामानाची नासधूस मुख्यतः खाण्याच्या वासामुळे होते, हे धरूनच तयारी करावी. कप्प्यात सांडलेल्या चिवड्याच्या चुऱ्यासाठीसुद्धा उंदीर सॅक कुरतडतो आणि सकाळी चेनशेजारी नाण्याएवढे भोक दिसते. त्यामुळे शिधा सॅकमध्ये मुळीच ठेवू नका. कडीच्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, कारण प्लास्टिकची पिशवी कितीही जाड असली तरी उंदराच्या दातांपुढे टिकत नाही. साबण आणि टूथपेस्टही वेगळ्या डबीत बंद करा. रिकामी सॅक भिंतीपासून दूर टांगताना तिच्या चेन उघड्याच ठेवाव्यात, म्हणजे उंदीर आत शिरला तरी त्याला वाट कुरतडून काढावी लागत नाही. तो दोरीवरूनही सहज उतरतो. यासाठी पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला मधोमध भोक पाडून ते दोरीत ओवावे आणि खाली सरकू नये म्हणून त्याखाली गाठ मारावी.

माकडांपुढे मात्र यातले काहीच पुरेसे नाही. ती दिवसाढवळ्या टोळीने येतात आणि हाती लागेल ते ओढून नेतात, त्यामुळे एकाने आळीपाळीने सामानापाशी थांबणे हाच खात्रीचा उपाय मला वाटतो. जास्तीचे सामान रतनवाडीत ज्यांच्याकडे जेवणार असाल त्यांच्या घरी ठेवून वर कमीत कमी ओझे नेणे त्याहूनही बरे.

प्रतिसाद २:
कसाऱ्यापर्यंत लोकलने जाणार असाल तर गॅसचे सिलिंडर सोबत घेऊ नका. ज्वालाग्राही वस्तू रेल्वेतून नेणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 164 नुसार गुन्हा आहे. रात्री बूट उलटे करून ठेवावेत व सकाळी विंचवासाठी झटकूनच घालावेत. रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाची परवानगी आहे का, हे वनविभागाकडे आधीच विचारून घ्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. जेवणाची सोय रतनवाडीतच करतो, म्हणजे शिधा आणि भांडी वर न्यावीच लागणार नाहीत. परवानगीची चौकशी करून मगच दिवस ठरवू.