सासूबाईंचा बटणांचा फोन, मुलाचा डेटा आणि बजेट: कोणते पॅक घ्यावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरला, मानेवाड्याला राहतो. घरात तीन प्रीपेड नंबर आणि सासूबाईंचा चौथा. त्या नरखेडकडे गावी असतात, संत्र्याची बाग सोडून इकडे यायला तयार नाहीत. सध्या चारही नंबरांवर रोजच्या डेटाचा २८ दिवसांचा पॅक मारतो. जुलै २०२४ मध्ये दर वाढले, तेव्हापासून हा खर्च जड जातोय.

सासूबाईंचा फोन साधा टू-जी, बटणांचा. त्यांचा एक एमबीसुद्धा खर्च होत नाही. पण बँक, गॅस, पीएम किसान सगळं त्याच नंबरला जोडलेलं, म्हणून रिचार्ज चुकवता येत नाही. त्यात घरात रेंज नाही. मातीच्या जाड भिंती आहेत, फोन खिडकीच्या फळीवर ठेवला तरच वाजतो. रात्री-बेरात्री त्यांना काही झालं तर फोन लागेल ना, हीच मला सगळ्यात मोठी काळजी.

मुलगा बारावीला आहे, लेक्चर फोनवरच बघतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा डेटा संपतो. यजमान बुटीबोरीला कामाला. त्यांचे कॉल भरपूर, डेटा जेमतेम. मी घरून डबे देते, ऑर्डर आणि पैसे माझ्या नंबरवर येतात, म्हणून नंबर बदलणं शक्य नाही.

महिन्याला चौघांचं मिळून हजार-अकराशेत बसवायचं आहे. काय करावं?

प्रतिसाद १
ताई, सासूबाईंना डेटाचा पॅक मारूच नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे पॅक द्यायला लावले आणि अशा पॅकची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. जानेवारी २०२५ मध्ये ते आले, तेव्हा ८४ दिवसांचे साडेचारशे ते पाचशेच्या दरम्यान होते. आजचा भाव अॅपवर बघून घ्या. हे पॅक अॅपमध्ये खाली कुठेतरी असतात, दुकानात मुद्दाम मागावे लागतात. वर्षाचा पॅक परवडत असेल तर तोच मारा, मुदत संपायची धास्ती राहत नाही. पण रेंजसाठी कंपनी बदलायची की नाही, हे नक्की होईपर्यंत थांबा.

पॅकची किंमत भागिले दिवस, एवढंच बघायचं. ३४९ चा २८ दिवसांचा पॅक म्हणजे दिवसाला जवळपास साडेबारा रुपये. आणि २८ दिवसांच्या हिशेबात वर्षाला १३ रिचार्ज होतात, १२ नाही.

प्रतिसाद २
रेंजसाठी पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर आधी हे वाचा. टू-जी फोनमध्ये जिओ चालत नाही, कारण त्यांचं टू-जी नेटवर्कच नाही. तिकडे जायचं तर फोनही बदलावा लागेल. शेजारी कोणाकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असेल, तर त्यांचा फोन त्याच खिडकीपाशी आणि मग आतल्या खोलीत नेऊन कॉल लावून बघा. कंपन्यांच्या साइटवर कव्हरेजचा नकाशा असतो, पण घराच्या आतलं त्यावर कळत नाही.

कॉल नीट लागला तर सासूबाईंच्या फोनवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत PORT, मग जागा सोडून त्यांचा नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवा. येणारा कोड आपल्याकडे ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. सिम सासूबाईंच्या नावावर असेल तर केवायसीला त्यांनाच आधार घेऊन बसावं लागेल. बँकेचं काम असेल त्या दिवशी पोर्ट नको, मधे नंबर काही वेळ बंद राहतो.

प्रतिसाद ३
मुलासाठी घरी ब्रॉडबँडचं विचारा. जीएसटी धरून पाचशेच्या आसपास पडलं, तर तुमच्या तिघांचे पॅक छोटे करता येतील. बारावीच्या पोराला रोजच्या डेटात कोंबू नका, अभ्यास अर्धा राहतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रॉडबँडची चौकशी आजच करते. रविवारी गावी जातोय, तेव्हा शेजारच्यांचा फोन आतल्या खोलीत नेऊन बघू आणि मगच पोर्टचं ठरवू. अजून एक विचारायचं होतं: नरखेड-काटोल भागात बीएसएनएल वापरणारं कोणी आहे का इथे? घराच्या आत कॉल लागतो का?